भाजल्यानंतरचा स्प्लिंट: घरी आल्यावर तो कसा वापरायचा

डिस्चार्ज मिळतो तेव्हा नातेवाइकांच्या हातात बऱ्याच गोष्टी येतात. फाइल, बिलं, मलमाच्या ट्यूब, गॉजचे गठ्ठे आणि सगळ्यात शेवटी प्लास्टिकचा एक वाकडा तुकडा, कौलाच्या पन्हळीसारखा, त्याला वेल्क्रोचे तीन-चार पट्टे. सांधा धरून ठेवणारा हा स्प्लिंट. ‘हा रात्री लावायचा’ एवढं सांगितलेलं असतं. तेही रिक्षा दारात उभी असताना. पंधरा दिवसांनी ते लोक परत येतात. जखम सुरेख भरलेली असते, सगळे खूश असतात, स्प्लिंट पिशवीतच असतो आणि बोटं तळव्याकडे वळायला लागलेली असतात.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. भाजलेल्या रुग्णांचे स्प्लिंट बनवणं आणि ते लावायला शिकवणं हे माझं रोजचं काम. वॉर्डात जे घाईत सांगितलं जातं ते इथे निवांतपणे सांगते. घरात ज्या कुणावर हे काम येऊन पडलंय, आई, नवरा, मोठी जाऊ, कॉलेजातला भाऊ, त्यांच्यासाठी हे आहे. तुमच्या सर्जनने किंवा थेरपिस्टने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. त्यांनी जखम पाहिलेली आहे, मी नाही.

जखम भरते, तेव्हाच ती ओढते

वरवर भाजलं आणि दोन आठवड्यांच्या आत नवी कातडी आली, तर बहुतेक वेळा स्प्लिंटची गरज पडत नाही. खोल भाजलेलं असतं, जखम भरायला तीन आठवड्यांच्या वर लागतात किंवा मांडीची कातडी काढून लावावी लागते, तिथे वण जाड होतो. अशा वणातल्या काही पेशी स्नायूंसारख्या आकुंचन पावतात. आपण झोपलो तरी त्यांचं ओढणं चालूच. वण सांध्यावर असेल तर ती ओढ सांध्याला वाकवते.

हे किती दिवस चालतं? घरचे हाच प्रश्न विचारतात आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. पहिले तीन ते सहा महिने वण लाल, उंच, कडक आणि खाजरा असतो. मऊ आणि फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही जातात. म्हणजे जखम भरली तेव्हा दवाखान्याचं काम संपत आलेलं असतं आणि घरचं सुरू होत असतं.

आमच्याकडे नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पाठ करायला लावतात: ज्या स्थितीत रुग्णाला बरं वाटतं, त्याच स्थितीत तो आखडतो. दुखणारं माणूस आपोआप अंग चोरतं. हनुवटी छातीला, हात बगलेत, कोपर वाकलेलं, पाय पोटाशी. तसंच पडून राहिलं की वण त्याच मापाचा तयार होतो. स्प्लिंट शरीराला नेमकं याच्या उलट धरून ठेवतो. त्याने जखम लवकर भरत नाही, वण नाहीसाही होत नाही. दिवसभर व्यायाम करून सांधा जेवढा मोकळा केला, तेवढा तो झोपेत परत जाऊ नये एवढंच त्याचं काम. व्यायाम न करता नुसता स्प्लिंट लावला तर सांधा सरळच राहतो, पण काठीसारखा ताठ.

कुठे भाजलंय, त्याप्रमाणे शरीर कसं ठेवायचं

मानेपासून सुरुवात करते, कारण घरात सगळ्यात मोठी चूक तिथे होते. मानेला पुढून भाजलं असेल तर उशी बंद. पूर्ण बंद. खांद्यांखाली चादरीची किंवा टॉवेलची गुंडाळी ठेवायची, म्हणजे डोकं किंचित मागे जातं आणि हनुवटी वर येते. एका रुग्णाची सासू अतिशय मायेची. सून रात्री कण्हायला लागली की ‘असू दे गं, थोडा वेळ घे’ म्हणून हळूच उशी सरकवायची आणि गळ्याची कॉलर काढून ठेवायची. दोन महिन्यांनी सुनेला वर पंख्याकडे बघता येईना, खालचा ओठ ओढला जाऊ लागला. माया खरी होती, फक्त ती दिवसा करायची होती. जखमा भरल्यावर मानेला फोमची किंवा प्लास्टिकची कॉलर देतात. ती लावून घोटभर पाणी पिऊन बघा. गिळायला त्रास झाला किंवा श्वास अडला तर ती लगेच काढा आणि बदलून घ्या.

कान भाजलेला असेल तरी उशी नको. कानाच्या कुर्चेवर दाब पडला की ती सडू शकते.

काखेत भाजलं असेल तर हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण नव्वद अंश. पण अगदी सरळ रेषेत किंवा मागे ओढलेला नको, थोडा पुढच्या बाजूला हवा, नाहीतर खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. यासाठी जो स्प्लिंट बनतो त्याला आम्ही एअरप्लेन म्हणतो, तो लावलेला माणूस खरंच विमानासारखा दिसतो. दारातून जाताना तिरकं व्हावं लागतं. घरात तो शक्य नसेल तर पलंगाशेजारी स्टूल लावा, त्यावर उशा रचा आणि हात त्यावर ठेवा. उशीचा खरा उपयोग हा.

कोपराला आतल्या बाजूने भाजलं असेल तर हात सरळ, तळवा वरच्या बाजूला. गुडघ्यामागे भाजलं असेल तर पाय सरळ, आणि गुडघ्याखाली उशी घालायची नाही. रुग्ण स्वतःच ती मागतो, कारण बरं वाटतं. वर सांगितलेली गोष्ट आठवा. मांडीच्या सांध्यात, म्हणजे जांघेत भाजलं असेल तर खूप वेळ खुर्चीत बसवून ठेवू नका. जमेल तसं पालथं झोपवा, पाय थोडे फाकवून. घोटा काटकोनात हवा, पाऊल खाली लोंबता कामा नये. घोट्याचा स्प्लिंट लावला की टाच मोकळी आहे ना ते बघा. टाच टेकून राहिली की तिथे नवीच जखम होते, आणि ती भाजल्याच्या जखमेपेक्षा चिवट निघते.

ओठांच्या कोपऱ्यांना भाजलं तर तोंड लहान होत जातं. घास जात नाही, दात घासता येत नाहीत, दंतवैद्याला आत बघता येत नाही. त्यासाठी ओठांचे कोपरे ताणून धरणारं छोटं साधन मिळतं. चेहऱ्याकडे बघताना घरच्यांचं लक्ष डाग किती दिसतो याकडे असतं, तोंड किती उघडतं याकडे नसतं. आठवड्यातून एकदा बघा, रुग्णाची किती बोटं एकावर एक तोंडात मावतात.

हात

हाताला वेगळी जागा देते, कारण शरीराचा एवढासा भाग आणि नुकसान सगळ्यात मोठं. स्टोव्ह भडकला, पदराने पेट घेतला, फटाका हातात फुटला, की माणूस आधी हातच पुढे करतो.

हाताची मागची बाजू भाजली की पहिल्या दोन-तीन दिवसांत खूप सूज येते. सुजेने मनगट खाली पडतं, बोटांची मुळं मागे ताणली जातात आणि पेरी वाकतात. पंज्याला पक्ष्याच्या नखीचा आकार येतो. तिथेच हात आखडला की पेला धरता येत नाही, शर्टाचं बटण लावता येत नाही. म्हणून स्प्लिंटमध्ये नेमकी उलटी स्थिती देतात: मनगट वीस-तीस अंश वर, बोटं मुळाशी सत्तर ते नव्वद अंश वाकलेली, पुढची पेरी मात्र सरळ, आणि अंगठा तळव्यापासून पुढे काढलेला. हे वाचून डोळ्यांसमोर येत नसेल तर लाइट गेल्यावर भिंतीवर सावलीचं बदक करायचो ते आठवा. चार बोटं सरळ जोडून मुळाशी वाकवलेली, खाली अंगठा. बदकाची चोच झाली की स्प्लिंट बरोबर.

तळवा भाजला असेल तर सगळं बदलतं. तेव्हा बोटं पूर्ण सरळ, एकमेकांपासून फाकलेली, तळवा सपाट. आशीर्वादाचा हात. म्हणूनच शेजारच्या कुणाचा जुना स्प्लिंट मागून आणू नका. आणि मेडिकलच्या दुकानात मनगटासाठी जो तयार पट्टा मिळतो, ज्याला कॉक-अप म्हणतात, तो भाजलेल्या पंज्याला पुरत नाही. तो मनगट धरतो आणि बोटं मोकळी सोडतो. आपल्याला बोटं धरायची आहेत.

एक इशारा. बोटाच्या मधल्या पेऱ्याच्या सांध्यावर कातडी फार पातळ असते आणि तिच्या लगेच खाली बोट सरळ करणारी दोरी असते. खोल भाजलं की ती उघडी पडते. डॉक्टरांनी ‘हे बोट वाकवायचं नाही’ असं सांगितलं असेल तर एकदाही वाकवायचं नाही, व्यायाम म्हणूनही नाही, मूठ होते का हे बघण्यासाठी तर मुळीच नाही. अशी दोरी एकदा तुटली की बोट कायमचं वाकडं होतं. तिथे स्प्लिंट चोवीस तास.

बोटांना ड्रेसिंग करताना प्रत्येक बोट वेगळं गुंडाळा. दोन बोटं एकत्र गुंडाळली तर मधली बेचकी भरून येते आणि बदकाच्या पायासारखा पडदा तयार होतो. (बदक आता पुन्हा येणार नाही.)

तो बनतो कसा, हे माहीत असलं की तो बिघडत नाही

बहुतेक स्प्लिंट कमी तापमानावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या शीटचे असतात. मी आधी कागदावर हाताची आकृती काढते. लांबी बोटांच्या टोकांपासून पुढच्या हाताच्या दोन-तृतीयांशापर्यंत, खोली हाताच्या जाडीच्या निम्मी. त्या मापाचा तुकडा कापून साधारण पासष्ट ते सत्तर अंशांच्या गरम पाण्यात टाकते. मिनिटाभरात तो पापडाच्या लाटीसारखा लुळा पडतो. बाहेर काढून टॉवेलवर टिपते, आधी माझ्या मनगटावर लावून बघते की चटका बसत नाही ना. भाजलेल्या माणसाला गरम वस्तू दिसली तरी तो अंग चोरतो, त्याच्यासमोर आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवणं मला गरजेचं वाटतं. मग त्याच्या हातावर घालून आकार देते आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवते. शेवटी कडा बाहेर वळवते, म्हणजे त्या रुतत नाहीत.

गरम पाण्यात मऊ झालेली ही वस्तू परत गरम झाली की परत मऊ होणार. हे लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप कळतात. उकळत्या पाण्यात घालून ‘निर्जंतुक’ करायचा नाही. मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचा नाही. गॅसजवळच्या कट्ट्यावर नको, बाहेर उन्हात वाळत नको. एक काका स्वच्छतेच्या फार नादाचे. त्यांनी तो बंबाच्या पाण्यात बुडवून ठेवला आणि पोळी झालेला तुकडा कागदात गुंडाळून माझ्याकडे आणला. त्याचा मी परत स्प्लिंट केला, पण तीन रात्री हात मोकळा राहिला होता.

शीट महाग पडत असेल तर प्लॅस्टरची पट्टी, ॲल्युमिनियमची पट्टी किंवा गरम करून सपाट केलेला पीव्हीसीचा पाइप यांचेही स्प्लिंट बनतात आणि उत्तम चालतात. साहित्य कुठलं यापेक्षा कोन बरोबर आहे का आणि तो रोज लावला जातो का, हे मोठं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी किंवा फिजिओथेरपी विभाग असेल तिथे विचारा. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि स्प्लिंटसारखी साधनं बनवण्याचा विभाग आहे. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्यावरच्या उपचारांचा समावेश आहे. तुमच्या रुग्णाला त्यात नेमकं काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या आधी विचारा, नंतर नाही.

लावायची पद्धत

१. घरी निघण्यापूर्वी थेरपिस्टने स्वतः लावलेल्या स्प्लिंटचे मोबाइलवर फोटो काढा. वरून, बाजूने, बोटांकडून. घरी तिसऱ्या दिवशी ‘हे असं होतं की तसं’ हा वाद होतोच, फोटो तो मिटवतो. पट्ट्यांवर मार्करने १, २, ३ लिहून घ्या आणि दोन्ही हातांचे स्प्लिंट असतील तर उजवा-डावाही लिहा.

२. आधी दुखणं कमी करा. गोळी लिहून दिली असेल तर व्यायामाच्या आणि स्प्लिंटच्या अर्धा तास आधी द्या.

३. जखम भरलेली असेल तर वण कोमट पाण्याने धुवा, टिपा, खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावून हळूहळू चोळा. मग सांधा ताणा. ताणताना वणाकडे बघा. तो लालचा पांढुरका झाला की ताण पुरेसा. तिथेच थांबून अर्धा-एक मिनिट धरा, हिसका देऊ नका. वण फुटून रक्त आलं तर जास्त झालं.

४. जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर स्प्लिंट घसरतो. सुती मोजा किंवा गॉजचा एक थर घाला. सुरकुती राहिली तर ती सकाळी कातडीवर उमटलेली दिसेल.

५. हाताच्या स्प्लिंटमध्ये मनगट आधी. मनगट तळाला नीट टेकलं की तिथला पट्टा लावा, मग बोटांचा, शेवटी कोपराकडचा. मनगट वर उचललेलं राहिलं तर अख्खा हात मागे सरकतो, बोटांची मुळं सरळ होतात आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असूनही स्प्लिंट काहीच करत नसतो. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या दहांतल्या बऱ्याच जणांचा घोळ एवढाच असतो.

६. बोटांवरचा पट्टा पेऱ्याच्या सांध्यावर नको, दोन सांध्यांच्या मधे हवा, खाली फोमचा तुकडा घालून. पट्ट्याखाली करंगळी सरकेल इतपत सैल.

७. सूज असेल किंवा ड्रेसिंग चालू असेल तर पट्ट्यांऐवजी बँडेज गुंडाळतात. ते बोटांकडून कोपराकडे गुंडाळायचं, बोटांची टोकं उघडी ठेवून. सूज उतरली की स्प्लिंट ढिला होणारच, तो बदलून घ्यावा लागतो.

नवी कातडी लावल्यानंतरचे पहिले काही दिवस यात धरू नका. तेव्हा ती जागा हलू नये म्हणून स्प्लिंट किंवा प्लॅस्टर सतत असतं आणि ते सर्जनशिवाय कुणीही उघडायचं नसतं.

काढल्यावर बघायचं ते

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने काढा आणि उजेडात कातडी बघा. लालसर खूण दिसेल. वीस-तीस मिनिटांत ती गेली तर ठीक. राहिली तर तिथे स्प्लिंट दाबतोय. मार्करने त्या जागेवर खूण करून थेरपिस्टकडे न्या, दोन मिनिटांचं काम असतं. कापूस कोंबून दाब कमी होत नाही, उलट वाढतो. सगळं ठीक असेल तर एक तास, दोन तास, मग पूर्ण रात्र, असं दोन-चार दिवसांत वाढवा.

लावलेला असताना बोटांची टोकं दिसली पाहिजेत. नख दाबून सोडा, पांढरं पडून दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. सावळ्या हातावर नखातच नीट कळतं. टोकं निळी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर स्प्लिंट लगेच काढायचा, सकाळची वाट बघायची नाही.

मुंग्यांबद्दल जरा सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका तरुणाला कोपराचा स्प्लिंट करून दिला. कोन अगदी बरोबर होता, मी स्वतःवर खूश होते. आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यापाशी, जिथे ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथे जागा सोडायची राहिली. त्याने चार दिवस करंगळी बधिर असल्याचं सांगितलंच नाही, ‘भाजलंय म्हणून असेल’ असं त्याला वाटलं. नशिबाने नस परत आली. तेव्हापासून स्प्लिंट देताना मी प्रत्येकाला विचारते: करंगळी जागी आहे का? पायाच्या स्प्लिंटला हाच धोका गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाच्या गोळीपाशी असतो. तिथली नस दबली की पाऊल वर उचलता येत नाही.

जखमेतून वास येणं, पू, नवीन फोड, ताप, वाढती सूज, यांपैकी काही दिसलं तर स्प्लिंट बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

दिवस आणि रात्र

साधारण गणित असं: रात्री स्प्लिंट, दिवसा हालचाल. दिवसा स्प्लिंट काढून हात वापरायचा, आणि वापरायचा म्हणजे खरंच वापरायचा. स्वतः जेवायचं, केस विंचरायचे, शेंगा सोलायच्या, पेपरची घडी घालायची. घरच्यांना हे बघवत नाही, सांडतं, वेळ लागतो, मग ते भरवायला लागतात. पहिला आठवडा भरवा. नंतर ताटाखाली वर्तमानपत्र घाला आणि शेजारी बसा. दुपारी झोप काढणार असाल तर तेव्हाही स्प्लिंट. सांधा आधीच आखडायला लागला असेल तर दिवसाही तास वाढवतात, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी स्प्लिंट परत गरम करून कोन थोडा थोडा सरळ करत नेतात.

झोप लागत नाही, ही सगळ्यांची तक्रार असते, आणि रास्त आहे. पण बहुतेकदा स्प्लिंटपेक्षा खाज झोपू देत नाही. वण कोरडा पडला की खाज वाढते. झोपण्याआधी मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे, पंखा, आणि तरी जमलं नाही तर डॉक्टरांकडून खाजेचं औषध. खाज आटोक्यात आली की स्प्लिंटची कुरकुर निम्मी होते.

स्प्लिंट रोज कोमट पाणी आणि साबणाने धुवा, सावलीत पुसून वाळवा. पट्टे वेगळे धुवा. वेल्क्रोत दोरे-केस अडकले की ते धरत नाही, जुन्या टूथब्रशने साफ होतं.

आणि हो, डाळ-अंडी बंद करू नका. ‘डाळीने पू होतो’ हे प्रत्येक वॉर्डात कुणीतरी म्हणतंच. भाजलेल्या शरीराला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात.

दाबाचे कपडे आणि सिलिकॉन

जखमा पूर्ण बंद झाल्या की मापाचे घट्ट कपडे देतात, हातमोजा, बाही, जाकीट. ते दिवसाचे तेवीस तास घालायचे, आंघोळ आणि मालिशीपुरते काढायचे. दोन जोड हवेत, एक अंगावर, एक दोरीवर. दोन-तीन महिन्यांत इलॅस्टिक सैल होतं, तेव्हा नवीन माप. रात्री आधी हा कपडा, त्यावर स्प्लिंट. त्यामुळे स्प्लिंटचं माप कपडा घालूनच घ्यायला सांगा. सिलिकॉनची शीट वापरत असाल तर ती थेट वणावर, खाली तेल नको, पहिल्या दिवशी काही तासच, पुरळ आलं तर थांबायचं.

लहान मुलं

दीड वर्षाच्या पोराने तव्याला तळवा लावला. अशा केसेस मी किती पाहिल्या त्याची गणती नाही. मूल वाढतं, हाडं वाढतात, पण वण त्यांच्याबरोबर तेवढा वाढत नाही. म्हणून मुलांना स्प्लिंट जास्त काळ लागतो आणि दर काही महिन्यांनी नवा. मोठा माणूस वर्ष-दोन वर्षांत सुटतो, मुलाकडे वाढ पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवावं लागतं.

मूल तो काढणारच. वेल्क्रोचा चर्र आवाज त्यांना फार आवडतो. पट्ट्यांवर बँडेज गुंडाळा, वरून मोजा चढवा, तो कोपराच्या वरपर्यंत नेऊन टेपने बंद करा. स्प्लिंटच कोपराच्या वरपर्यंत नेला की तो निसटणंही कमी होतं. गाढ झोपल्यावर लावला तरी चालतो. मी त्यावर डोळे-नाक काढून देते. एका मुलीने तिच्या स्प्लिंटचं नाव ‘बंड्या’ ठेवलं होतं आणि रात्री बंड्याला झोपवल्याशिवाय ती झोपायची नाही. शिक्षा म्हणून मात्र कधीही लावू नका. ‘ऐकलं नाहीस तर पट्टा लावीन’ हे एकदा म्हटलं की पुढचे सहा महिने रोज रात्री भांडण.

थांबायचं कधी

कॅलेंडर बघून नाही, वण बघून. तो फिका पडला, मऊ झाला, चिमटीत उचलता येऊ लागला, दाबल्यावर पांढरा होऊन लगेच लाल होणं थांबलं, तर तो निवतोय. थेरपिस्टला विचारून एक रात्र स्प्लिंट न लावता झोपा. रात्री सांधा जेवढा सरळ होत होता तेवढाच सकाळी होतोय का ते बघा. होत असेल तर एक रात्राआड, मग आठवड्यातून दोनदा. सकाळी ओढल्यासारखं वाटलं तर अजून वेळ आहे, परत रोज सुरू. सांधा इतका आखडला असेल की स्प्लिंटने दोन-तीन महिन्यांत काहीच फरक पडत नाही, तर वण सोडवण्याचं ऑपरेशन करतात. त्यानंतरही स्प्लिंट असतोच, हे आधीच सांगून ठेवते.

बंद केल्यावर तो लगेच टाकू नका. माळ्यावर ठेवा आणि तीन-चार महिने दर पंधरा दिवसांनी खाली काढून हात त्यात घालून बघा. ओढताण न होता बसला तर परत माळ्यावर. कुठेही जोर करावा लागला तर त्याच आठवड्यात ओपीडीत या, आणि येताना तो स्प्लिंट बरोबर आणा.